बालगृहाच्या भिंतीवरचे नियम लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महिला व बालविकास विभागाचे अधिकारी, बालकल्याण समित्यांचे सदस्य आणि मराठवाड्यातल्या बालगृहांचे अधीक्षक,

स. न. वि. वि.

मी मराठवाड्यातल्या एका बालगृहात बारा वर्षं राहिलो. रजिस्टरमध्ये आमचा उल्लेख 'प्रवेशित' असा व्हायचा. आता एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी अधिपरिचारक आहे. लोक 'ब्रदर' म्हणून हाक मारतात.

गेल्या बालदिनाला मी माझ्या जुन्या बालगृहात गेलो होतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं तालुक्याचं गाव, तीच पत्र्याची लांब इमारत, तेच कडुलिंबाचं झाड. जेवणाच्या हॉलमध्ये नवा फ्लेक्स लागलेला दिसला, 'प्रवेशितांसाठी नियम'. मोजले, तेवीस होते. शेजारी दुसरीतला एक मुलगा उभा होता. नुकतंच वाचायला यायला लागलं असावं, मान वर करून एकेक अक्षर लावत होता. सातव्या नियमापाशी तो अडला. 'रात्री ९ नंतर कोणीही खोलीबाहेर पडू नये.' दोनदा वाचून त्यानं मला विचारलं, "दादा, मंग रातच्याला लघवीला लागली तर?"

संडास-मोऱ्या अंगणाच्या पलीकडे आहेत. माझ्या वेळीही तिथंच होत्या. खोलीबाहेर पडलं तर नियम मोडतो, न पडलं तर गादी ओली होते. ओल्या गादीचं काय करायचं ते अठराव्या नियमात होतं. ज्यानं ओली केली त्यानं ती स्वतः उन्हात टाकायची, सगळ्यांसमोर. मी त्या पोराला काही उत्तर देऊ शकलो नाही. तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे.

तुमच्यापैकी काहींनी 'द सायडर हाउस रूल्स' हा इंग्रजी चित्रपट पाहिला असेल. १९९९ सालचा, लासे हालस्ट्रॉम यांनी दिग्दर्शित केलेला. जॉन आयर्विंग यांनी स्वतःच्याच कादंबरीवरून त्याची पटकथा लिहिली आणि तिला ऑस्कर मिळालं. त्यातल्या डॉक्टरच्या भूमिकेसाठी मायकेल केन यांनाही मिळालं. नर्सिंगला औरंगाबादला होतो तेव्हा खोलीतल्या मित्रानं लॅपटॉपवर लावला होता. अनाथ मुलाची गोष्ट आहे म्हणाला, म्हणून बसलो. त्यानंतर मी तो आणखी तीनदा पाहिला.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली, अमेरिकेच्या मेन राज्यातली. आडबाजूला एक अनाथालय. तिथंच वाढलेला होमर, दोनदा दत्तक गेलेला आणि दोन्ही वेळा परत आलेला. अनाथालयाचे डॉक्टर लार्च त्याला बाळंतपणं करायला शिकवतात. डॉक्टर अडलेल्या बायकांचे गर्भपातही करतात, त्या काळच्या कायद्याविरुद्ध. होमर त्याला तयार नसतो. पुढे तो तिथून निघतो आणि एका सफरचंदाच्या बागेत कामाला लागतो. हंगामात तिथं मजुरांची टोळी येते. काळी माणसं, दक्षिणेकडून आलेली, झाडांना फळं असतील तितके दिवस राहणारी आणि मग पुढच्या कामावर जाणारी. त्यांना राहायला जी शेड आहे तिच्या भिंतीवर नियमांचा कागद चिकटवलेला असतो. बिछान्यात सिगारेट ओढू नका, छपरावर चढू नका, असे. मजुरांतल्या कुणालाच तो वाचता येत नाही. होमर तो वाचून दाखवतो, तेव्हा टोळीचा मुकादम, मिस्टर रोझ, साधी गोष्ट विचारतो की इथं राहतं कोण? हे ज्यांनी लिहिलं ते तर इथं राहत नाहीत. शेवटी तो कागद शेगडीत जातो.

मी तिथं लॅपटॉप थांबवला होता.

आपल्याकडच्या माणसाला ही शेड समजावून सांगावी लागत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, धारूर, वडवणी, पाटोदा या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या पार उन्हाळ्यापर्यंत साखर कारखान्यांच्या फडातच. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक जोडी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत अंगावर कर्ज, राहायला पाचटाची कोपी, म्हणजे झोपडी. आमच्या बालगृहातली निम्मी पोरं त्या कोप्यांतलीच होती. मीही. माझी आई फडात सर्पदंशानं गेली आणि बापानं दोन वर्षांत स्वतःला संपवलं. हे दया मिळावी म्हणून लिहीत नाही. नियम कुणासाठी लिहिले जातात ते कळावं म्हणून लिहितो.

कोपीच्या भिंतीवर कागद नसतो, पण नियम असतात. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा, आणि खाड्याला दंड. हा नियम कुठंही छापलेला नाही. पण शासनाच्या समितीनं २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढायची, नाहीतर खाडा. बायकांनी आपल्या शरीरातला अवयव काढून तो न लिहिलेला नियम पाळला. माझ्या रुग्णालयात अशा बाया येतात, पस्तिशीत कंबर धरून चालणाऱ्या. "आता पाळीचा तरास नाही, दादा," असं सांगतात, आणि कॅल्शियमच्या गोळ्या मागतात.

म्हणून लिहिलेला नियम वाईट आणि आपला आपण केलेला चांगला, असं मला म्हणायचं नाही. चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तसंच वाटलं होतं. कागद जळाला आणि मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा भीती वाटली. कारण आमचे नियम आम्हीच करतो म्हणणाऱ्या त्या मुकादमापासूनच त्याची स्वतःची मुलगी गरोदर राहिलेली असते. सगळी टोळी त्याचं ऐकते आणि त्याला कुणी विचारत नाही. तिच्या सुटकेसाठी होमर, ज्यानं हे काम कधीच करायचं नाही असं ठरवलेलं असतं, तो पुढं होतो.

बालगृहातली रात्र मला माहीत आहे. साहेब घरी गेले, काळजीवाहकानं कडी लावली की भिंतीवरचे नियम संपायचे आणि मोठ्या पोरांचे सुरू व्हायचे. कुणी कुणाची चादर घ्यायची, कुणी कुणाचे पाय दाबायचे, कुणाच्या वाटणीचा शिरा कुणाला. आणि त्याहून वाईटही. मी लहान होतो तेव्हा ते सोसलं आणि मोठा झालो तेव्हा, हे लिहिताना लाज वाटते, मीही एका पोराकडून रोज बादली भरून घेतली. त्याचा हात मोडला तेव्हा थांबलो. तेवीस नियमांत एक ओळही या रात्रीसाठी नाही. छपरावर चढू नका आहे, भिंतीवर लिहू नका आहे, पाहुणे आले की रांगेत उभे राहून नमस्ते म्हणा हेही आहे. रात्री त्रास झाला तर कुणाकडं जायचं, हे मात्र कुठंच नाही. तेवीसच्या तेवीस नियम मुलांवर बंधन घालणारे आहेत. मोठ्यांनी काय करायचं याचा एकही नाही.

तुम्ही म्हणाल, कायद्यात सोय आहे. आहे, मला माहीत आहे. बाल न्याय कायदा २०१५ आणि त्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांत प्रत्येक संस्थेत मुलांच्या समित्या करायला सांगितल्या आहेत, तीन वयोगटांच्या वेगवेगळ्या : ६ ते १०, ११ ते १५ आणि १६ ते १८. ज्यानं ही विभागणी सुचवली त्याला मुलं कळत होती. लहानग्यांची वेगळी बैठक झाली तरच सातव्या नियमाबद्दल कुणीतरी तोंड उघडेल. मोठ्यांसमोर ते उघडणार नाहीत.

मी आमच्या बाल समितीचा अध्यक्ष होतो. हे मला बारावीत असताना कळलं. तपासणीला माणसं येणार होती, म्हणून कार्यालयात बोलावून निळं रजिस्टर पुढं ठेवलं. वर्षभराच्या बारा बैठकांची इतिवृत्तं एकाच हातची, एकाच पेनानं लिहिलेली. 'सर्व प्रवेशितांनी जेवणाबाबत समाधान व्यक्त केले.' खाली अध्यक्षाच्या सहीची जागा मोकळी. मी बारा सह्या केल्या. वेगवेगळ्या पेनांनी कर असं सांगितलं, म्हणून टेबलावरची तीन पेनं आलटून पालटून वापरली. आज रुग्णालयात केसपेपरवर सही करताना ते रजिस्टर आठवतं, आणि मी वेळ न पाहता सही करत नाही.

आता बालगृहातून माझ्या जाण्याबद्दल. आमच्यातल्या बहुतेकांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना खरी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून घालायचे, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. गावाकडच्या कितीतरी मोठ्या माणसांचीही तीच आहे. पण ज्याला घर आहे त्याचं त्या तारखेनं काही अडत नाही. आमचं सगळं तिच्यावर चालायचं. १ जून २०१८ ला कागदोपत्री मला अठरा पूर्ण झाली. बारावीचा निकाल नुकताच लागला होता. पुढच्या प्रवेशाला महिने होते, वसतिगृहं बंद होती. लोखंडी पेटी, दोन जोड कपडे, दाखल्यांची फाईल आणि पाचशे रुपये देऊन मला निरोप दिला. स्वयंपाकाच्या मावशींनी फाटकापर्यंत येऊन दशम्या बांधून दिल्या. त्या दिवशी आम्ही तिघं निघालो, तिघंही १ जूनचे. पहिल्या दोन रात्री मी एसटी स्टँडवर काढल्या. पेटीवर डोकं ठेवून झोपलो, कारण फाईल त्यात होती.

अठरा ते एकवीस या वयासाठी अनुरक्षण, म्हणजे पाठीमागून सांभाळ, हे त्याच कायद्यात आहे. २०१८ च्याच एप्रिलमध्ये राज्यानं अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण जाहीर केलं होतं. मी स्टँडवर झोपलो तेव्हा तो शासननिर्णय दोन महिन्यांचा झाला होता. मला तो दीड वर्षानं नर्सिंगच्या मित्राकडून कळला. तेवीस नियमांच्या फ्लेक्सवर या दोन गोष्टींसाठी दोन ओळींची जागा निघाली नसती का? आता मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेतून अनुरक्षणासाठी महिन्याला ४,००० रुपयांची तरतूद आहे. बालदिनाला मी सोळा-सतरा वर्षांच्या पाच पोरांना विचारलं. एकालाही माहीत नव्हतं. पाचांपैकी तिघं १ जूनचे आहेत.

डॉक्टर लार्च हे काही आदर्श गृहस्थ नाहीत. गुंगीचं औषध, ईथर, हुंगायची सवय आहे, खोटं बोलतात, खोटी कागदपत्रं बनवतात. होमर युद्धावर जाऊ नये म्हणून दुसऱ्याच मुलाच्या छातीचा एक्स-रे त्याचा म्हणून दाखवतात. शिकल्यासवरल्या माणसानं असं करावं का, यावर मला आजही ठाम बोलता येत नाही. पण तो माणूस तिथं राहतो. रोज रात्री मुलांना डिकन्सची कादंबरी वाचून दाखवतो आणि दिवा मालवताना त्यांना राजपुत्र म्हणतो. प्रत्येकाचा श्वास कसा चालतो हे त्याला माहीत असतं. त्याचे निर्णय मोठे आहेत, चुकीचेही आहेत, पण ते कचेरीतून आलेले नाहीत.

आपल्याकडं अशी माणसं झाली नाहीत असं नाही. मराठवाड्याला पोरकेपण नवं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं किती लेकरं उघड्यावर पडली! त्यांच्यासाठी पन्नालाल सुराणा आणि राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी नळदुर्गला जे उभं केलं त्याचं नाव ठेवलं 'आपलं घर'. प्रवेशित हा शब्द तुम्ही बदलू शकत नसाल तर राहू द्या, पण निदान भिंतीवर तरी मुलं म्हणा.

चित्रपटातला एक प्रसंग मला अजूनही पुरा बघवत नाही. श्वासाचा आजार असलेला एक लहानगा मुलगा मरतो. डॉक्टर बाकीच्यांना सांगतात की त्याला दत्तक नेलं. सगळी पोरं त्याला चांगलं घर मिळालं म्हणून निरोप देतात. माझा एक मित्र होता, माझ्याच खाटेवर पायाकडं डोकं करून झोपायचा. एका सकाळी शाळेतून आलो तर त्याची गादी गुंडाळून ठेवलेली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत बदली झाली होती, आदेश आला होता म्हणे. आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. कुठल्या गावाला गेला, हे मला आजपर्यंत माहीत नाही. डॉक्टरांचं ते खोटं मला पटत नाही, पण त्यांनी मुलांना जवळ बसवून काहीतरी सांगितलं तरी.

माझं मागणं मोठं नाही. नवा फ्लेक्स छापण्याआधी, नवं परिपत्रक काढण्याआधी, एक संध्याकाळ बालगृहात जाऊन बसा. खुर्च्या मागवू नका, सतरंजीवर बसा. अधीक्षकांना बाहेर थांबायला सांगा. तिन्ही वयोगटांना वेगवेगळं भेटा, आणि सगळ्यांत आधी लहानांना. त्या रात्री तिथंच झोपा आणि एकदा उठून अंगण ओलांडून मोरीपर्यंत जाऊन या, टॉर्च न घेता. मग नियम लिहा. त्यांत मोठ्यांसाठीचे नियम लिहा, रात्री कोण जागं असेल त्याचं नाव लिहा. १ जूनच्या मुलांना त्यांची बारावीनंतरची सोय होईपर्यंत काढू नका. त्यासाठी तुम्हाला नवा कायदा करावा लागणार नाही.

बालदिनाच्या संध्याकाळी मी लहानांना वहीचं मागचं पान दिलं आणि म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहितो. आधी हसले, मग एकेक सुरू झाले. रात्री मोरीकडं दिवा पायजे. गादी ओली झाली तर मावशीला हळूच सांगायचं, ओरडायचं नाही. वाढदिवस करायला आलेल्या लोकांनी फोटो आधी नाही, जेवल्यावर काढायचा. मारायचं असंल तर साहेबांनी आधी विचारायचं काय झालं म्हणून. (हे ऐकून मला फार वेळ पान दिसेना.) चौथीतला एक मुलगा बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, "कुणी जानार आसंल तर आदल्या दिवशी सांगावं." मी लिहिलं. त्यानं वाकून पाहिलं आणि घाईनं म्हणाला, "नको, खोडा. साहेबांना वाटंल मी पळून जानार हाय." मी त्याच्यासमोर त्यावर एक बारीक रेघ मारली.

ते पान माझ्याकडं आहे. माझी सुट्टी गुरुवारी असते. तुम्ही बोलवाल तिथं घेऊन येईन. निघताना मी फाटकाशी पायात चप्पल घालत होतो, तेव्हा तो चौथीतला पळत आला आणि विचारलं, "दादा, पुरं खोडलं का?"

मी म्हटलं, "नाही रे, वाचता येतंय अजून."

"मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला.

आपला,
१ जून ही जन्मतारीख असलेला तुमच्या बालगृहातला एक मुलगा